तिथी आधी, तिकीट नंतर: काठमांडू खोऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

काठमांडू खोऱ्याच्या सहलीविषयी नागपूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक वाचकांना पाहण्यासारख्या स्थळांची यादी हवी आहे. ती कोणत्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकात मिळते आणि पुष्कळदा बरोबरही असते. खोऱ्यातली देवळे त्यांच्या जत्रांसाठी बांधली गेली आहेत आणि चौक रथ वळावेत म्हणून मोकळे सोडलेले आहेत, ही गोष्ट मात्र त्या पत्रकात सहसा नसते. म्हणून उत्तरे देताना स्थळांपेक्षा तिथींवर आणि जत्रा चालवणाऱ्या माणसांवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी बँकेतून निवृत्त झालो आहोत. आम्हाला मिळालेल्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात पोखरा आहे, चितवन आहे आणि काठमांडूची सारी देवळे एका दिवसात आहेत. हे जमण्यासारखे आहे का? आणि कोणत्या महिन्यात जावे? (धरमपेठ)

एका दिवसात गाडीतून उतरणे, छायाचित्र काढणे आणि पुन्हा गाडीत बसणे एवढे जमेल. आपण चितवन सोडून द्यावे आणि ते दिवस खोऱ्याला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण इतिहासात आहे. आज आपण ज्याला एकच शहर समजतो, ती मुळात तीन राज्ये होती. मल्ल घराण्यातील यक्ष मल्ल १४८२ मध्ये वारला, त्यानंतर खोऱ्याची वाटणी होऊन कांतिपूर म्हणजे काठमांडू, ललितपूर म्हणजे पाटण आणि भक्तपूर या तीन राजधान्या झाल्या. पुढली तीनशेच्या आसपास वर्षे या भाऊबंदांनी एकमेकांशी लढाया केल्या आणि त्याहून अधिक ईर्ष्येने देवळे बांधली. प्रत्येकाचा राजवाडा वेगळा, प्रत्येकाच्या राजवाड्यात तलेजू देवीचे देऊळ वेगळे, प्रत्येकाची कुमारी, म्हणजे सजीव देवी मानलेली लहान मुलगी, वेगळी आणि जत्राही वेगळी. युनेस्कोने १९७९ मध्ये खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा सात स्थळसमूह धरले: हे तीन दरबार चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. बागमती ओलांडली की पाटण लागते, भक्तपूर पूर्वेला तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. अंतरे किरकोळ असली तरी प्रत्येक शहराला किमान एक पूर्ण दिवस द्यावा. चांगुनारायणाला गर्दी कमी असते, पण मानदेव राजाचा इ. स. ४६४ चा शिलालेख तिथे आहे आणि नेपाळचा लिखित इतिहास त्या स्तंभापासून सुरू होतो, म्हणून भक्तपूरच्या दिवसाला तो जोडून घ्यावा.

आता महिन्याविषयी. आपल्याकडच्या पंचांगात खोऱ्याचे निम्मे वेळापत्रक आधीच छापलेले असते, फक्त ते वाचण्याची रीत समजून घ्यावी लागते. नेपाळचे सरकारी महिने सौर आहेत. वैशाख साधारण १४ एप्रिलला सुरू होतो आणि त्या दिवशी तिथले नववर्ष असते. सण मात्र बहुतांशी चांद्र तिथीने येतात, आणि नेपाळमध्ये महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षातले सण दोन्हीकडे एकाच नावाच्या महिन्यात येतात, वद्य पक्षात मात्र त्यांचे महिन्याचे नाव आपल्या एक पाऊल पुढे असते. त्यांची भाद्र कृष्ण प्रतिपदा म्हणजे आपली श्रावण वद्य प्रतिपदा, एवढा एक हिशेब ठेवला की गोंधळ उरत नाही.

या रीतीने पाहिले तर आपली हरितालिका तीच तिथली तीज. त्या दिवशी लाल वस्त्रे नेसलेल्या हजारो स्त्रिया पशुपतिनाथाच्या दर्शनाला पहाटेपासून रांगेत उभ्या असतात आणि सभोवतालच्या रस्त्यांवर दिवसभर गाणी व नाच चालतात. ऋषिपंचमीही दोन्हीकडे एकच. आपण अनंत चतुर्दशीला गणपती बोळवतो, त्याच दिवशी काठमांडूत इंद्रजात्रेतला कुमारीचा रथ निघतो. कार्तिकी एकादशीला पंढरपुरात वारकरी दाटलेले असतात, तेव्हा खोऱ्याच्या उत्तर टोकाला बूढानीलकंठ येथे शेषशायी विष्णूच्या दर्शनाला गर्दी लोटते. कुंडात पहुडलेली ती सुमारे पाच मीटर लांबीची काळ्या पाषाणाची मूर्ती मल्लांच्या आधीच्या लिच्छवी राजांच्या काळातली आहे आणि चातुर्मासानंतर देव जागा होतो ही कल्पना तिथे डोळ्यांसमोर दिसते. दिवाळीच्या पाडव्याला नेवार लोकांचे, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचे, नेपाळ संवत बदलते आणि त्या संध्याकाळी घरोघरी 'म्ह पूजा' होते, म्हणजे जमिनीवर मंडल काढून प्रत्येक जण स्वतःच्याच देहाची पूजा करतो. भाऊबीज तिथे भाईटीका होते. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या फाल्गुन अमावास्येला, टुंडीखेलच्या मैदानावर घोडेजात्रा असते. भक्तपूरची बिस्केट जात्रा तेवढी सूर्याच्या हिशेबाने चालते, म्हणून ती दर वर्षी एप्रिलच्या मध्यालाच येते.

माझी शिफारस भाद्रपद शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा या दिवसांची आहे. द्वादशीला हनुमानढोका या काठमांडूच्या जुन्या राजवाड्यापाशी इंद्रध्वजाचा उंच खांब, ज्याला तिथे लिंगो म्हणतात, तो दोरांनी ओढून उभा करतात. चतुर्दशीला गणेश, भैरव आणि कुमारी यांचे रथ निघतात. श्वेतभैरवाचा एरवी जाळीआड असणारा भव्य मुखवटा या दिवसांत उघडा असतो आणि त्याच्या मुखातून नळीवाटे वाहणारे तांदळाचे मद्य प्रसाद म्हणून घेण्यासाठी तरुणांची झोंबाझोंबी चालते. १७६८ मध्ये पृथ्वीनारायण शाहाने काठमांडू जिंकले तेही इंद्रजात्रेचा हाच गजर चालू असताना. अर्थात ज्यांच्या घरी दहा दिवसांचा गणपती आहे त्यांना ही तिथी साधणे अवघड. दीड दिवसाचा असेल तर प्रश्न नाही, आणि महालक्ष्म्या असतील तर त्यांचे विसर्जन उरकूनही द्वादशी गाठता येते. या दिवसांत पाऊस पुरता ओसरलेला नसतो. हिमशिखरे पाहण्याचीही इच्छा असेल, तर कार्तिकातले निरभ्र आकाश अधिक भरवशाचे.

दसऱ्याला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. दशैं हा नेपाळचा सर्वांत मोठा सण आहे, पण तो घरातला सण आहे. लोक आपापल्या गावी जातात, राजधानी रिकामी होते, दुकाने बंद असतात. काठमांडूचे तलेजू मंदिर सर्वसामान्यांसाठी वर्षातून एकदाच, महानवमीला उघडते, ही त्या दिवसांतली मोठी जमेची बाजू. अष्टमी-नवमीला पशुबळी मोठ्या प्रमाणावर दिले जातात, तेही उघड्यावर. ज्यांना ते पाहवणार नाही त्यांनी दुसरी तिथी निवडावी.

प्रश्न: आमच्या घरी दर श्रावणात नवनाथांच्या पोथीचे पारायण होते. पाटणला मच्छिंद्रनाथांचा रथ निघतो असे ऐकले. ते आपलेच मच्छिंद्रनाथ का? (महाल)

आपलेच, आणि केवळ आपले नव्हेत. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस माउलींनी आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे, आणि बीड जिल्ह्यात सावरगावी मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आपल्याकडे मानली जाते. खोऱ्यातल्या लोकांच्या दृष्टीने मात्र पाटणचा हा देव मुळात बुंगद्यः, म्हणजे बुंगमती गावचा पाऊस देणारा देव. नेवार बौद्ध त्याला करुणामय म्हणतात आणि पद्मपाणी लोकेश्वर हा बोधिसत्त्व म्हणून पूजतात. नाथपंथी हिंदू त्याला रातो मच्छिंद्रनाथ म्हणतात, कारण मूर्ती तांबड्या रंगाची आहे. पुजारी बौद्ध आहेत, भक्त दोन्ही धर्मांचे आहेत, आणि देव नेमका कोणाचा याचा निकाल लावण्याची निकड तिथे कोणाला वाटलेली दिसत नाही.

कथा आपल्या पोथीच्या वळणाची आहे. गोरखनाथ खोऱ्यात आले, त्यांचा योग्य सत्कार झाला नाही, म्हणून ते पाऊस पाडणाऱ्या नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले आणि बारा वर्षे दुष्काळ पडला. गुरू समोर आले तरच शिष्य उठून नमस्कार करील, हे ओळखून राजा नरेंद्रदेव, तांत्रिक बंधुदत्त आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाहून, म्हणजे आसामातून, मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गोरखनाथ उठले, नाग सुटले, पाऊस आला. या तिघांत शेतकऱ्याला राजाच्या बरोबरीचे स्थान आहे, कारण ही जत्रा भातलावणीच्या आधीची आहे आणि पावसाची खरी गरज कोणाला असते हे कथा सांगणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

वैशाख शुद्ध पक्षात पुल्चोक येथे रथ बांधण्यास आरंभ होतो. लाकडी चाकांवर सुमारे साठ फूट उंचीचा, वेताने आवळलेला शिखरासारखा डोलारा उभा राहतो. लाकूडकाम 'बाराही' नावाच्या मंडळींचे, वेत आणि दोर 'यांगवाल' मंडळींचे, चाकाखाली पाचर घालून रथ थांबवण्याचे जोखमीचे काम आणखी तिसऱ्यांचे. ही कामे पिढीजात वाटून दिलेली आहेत आणि त्यांचा खर्च व शिस्त सांभाळणाऱ्या संस्थांना गुठी म्हणतात. गुठीला पूर्वजांनी जमीन लावून दिलेली असते, तिच्या उत्पन्नातून अमक्या दिवशीचा दिवा, तमक्या दिवशीचे भोजन आणि रथाचा दोर येतो. आपल्याकडच्या देवस्थानच्या इनामांशी याचे साम्य आहे, पण गुठीत नेमून दिलेले काम सभासदाने स्वतः हजर राहून करायचे असते. २०१९ मध्ये सरकारने गुठींविषयीचा नवा कायदा आणू पाहिला तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले आणि सरकारला ते विधेयक मागे घ्यावे लागले. जत्रा कोणाच्या मालकीची हा प्रश्न तिथे किती जिवंत आहे, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

रथ आठवडेच्या आठवडे गल्लीबोळांतून सरकत राहतो आणि शेवटी जावलाखेलच्या मैदानावर 'भोटो' दाखवण्याचा विधी होतो. नागराजाने आपल्या राणीचे डोळे बरे करणाऱ्या शेतकऱ्याला दिलेले रत्नजडित भोटो, म्हणजे बंडी, एका भुताने चोरली. वाद देवासमोर आला. पुराव्यासह खरा मालक येईपर्यंत ती देवाकडेच ठेवायची असे ठरले. म्हणून दर वर्षी राष्ट्रप्रमुखांच्या उपस्थितीत ती चारही दिशांना दाखवतात. दावा सांगायला अद्याप कोणी पुढे आलेले नाही. भोटो जात्रेचा दिवस ज्योतिषी मागाहून ठरवतात, त्यामुळे आधी तिकीट काढणाऱ्यांनी तो हाती लागेलच असे धरू नये. रथ ओढला जातानाचा वैशाखातला कोणताही दिवस पुरेसा आहे. दर बारा वर्षांनी रथ थेट बुंगमतीहून निघतो. मागील वेळी, २०१५ मध्ये, रथ वाटेत असतानाच भूकंप झाला होता. त्या हिशेबाने पुढील बारा वर्षांची जत्रा २०२७ मध्ये येते.

प्रश्न: आपल्या मारबतीसारखा सण नेपाळमध्ये आहे असे एका परिचिताने सांगितले. खरे आहे का? (इतवारी)

खरे आहे, आणि नागपूरकराने तो आवर्जून पाहावा. मात्र रोगराई आणि पीडा शहराबाहेर घालवण्यासाठी निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत आपण जे एका दिवसात करतो ते नेवारांनी दोन सणांत विभागले आहे.

पहिला गठांमुगः, ज्याला नेपाळीत घण्टाकर्ण म्हणतात. तो आपल्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी येतो. भातलावणी नुकतीच आटोपलेली असते. चौकाचौकांत बोरूसारख्या हिरव्या गवताचा राक्षस उभारतात, दिवसभर त्याच्या नावाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात आणि सांजेला तो राक्षस ओढत नदीकाठी नेऊन टाकतात. त्या रात्री घराच्या उंबरठ्यावर लोखंडी खिळा ठोकायचा आणि बोटात लोखंडाची अंगठी घालायची अशीही रीत आहे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडत वाढलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की आपल्या काळ्या-पिवळ्या मारबती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतात आणि सारे शहर त्यांच्यामागे लोटते. गठांमुगः प्रत्येक आळीचा स्वतंत्र असतो आणि एका संध्याकाळी दहा राक्षस दहा वाटांनी बाहेर जातात.

दुसरा सण गाईजात्रेचा, तो राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो. गेल्या वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला ते घर एक गाय, किंवा गाईचा वेश दिलेले मूल, मिरवणुकीत पाठवते. गाईच्या शेपटीला धरून मृतात्मा वैतरणी तरून जातो ही समजूत आपल्याकडेही आहे. पुत्रशोकाने खचलेल्या राणीला, दुःख तुझ्या एकटीचे नाही हे दाखवण्यासाठी प्रताप मल्ल राजाने शहरातल्या सर्व शोकग्रस्त घरांना रस्त्यावर बोलावले आणि तिला हसवणाऱ्यास बक्षीस लावले, अशी कथा सांगतात. तेव्हापासून या दिवशी सोंगे, नकला आणि सत्ताधाऱ्यांवरची टीका यांना मोकळीक आहे. आपल्या बडग्यांवर, म्हणजे मारबतीबरोबर निघणाऱ्या टीकेच्या पुतळ्यांवर, ज्या प्रकारची नावे आणि पाट्या असतात, तोच मजकूर गाईजात्रेच्या दिवशी विडंबनाच्या अंकांतून आणि रंगमंचावरून येतो. ही जत्रा पाहायची तर भक्तपूरला पाहावी. तिथे मृताचे छायाचित्र लावलेले कापडाने मढवलेले उंच बांबू खांद्यावर घेऊन लोक निघतात आणि पुढे जोडीजोडीने काठ्या आपटत नाचणाऱ्यांच्या रांगा असतात. रडणे आणि हसणे यांची इतकी सरळ सांगड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

प्रश्न: आम्ही बौद्ध आहोत. दीक्षाभूमीच्या स्तूपात आपण आत जाऊन वंदना करतो. तिथल्या स्तूपांना आत प्रवेश असतो का? लुंबिनीही याच सहलीत होईल का? बाबासाहेब काठमांडूला गेले होते ते कशासाठी? (इंदोरा)

शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध भ्रातृसंघाच्या चौथ्या परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यांची प्रकृती तेव्हा फार ढासळली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरहून काठमांडूला जाणाऱ्या बौद्ध वाचकासाठी हा दुवा कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाहून मोलाचा ठरावा.

दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे आणि त्याच्या घुमटाखाली सभागृह आहे. स्वयंभू आणि बौद्धनाथ हे भरीव स्तूप आहेत, त्यांना आत असे काही नाही. उजव्या हाताला स्तूप ठेवून बाहेरून प्रदक्षिणा घालणे हीच वंदना. घुमटावरच्या चौकोनी भागावर चारही दिशांना बुद्धाचे डोळे रंगवलेले आहेत, आणि नाकाच्या जागी दिसणारी वळणदार खूण हा नेपाळी एकाचा आकडा आहे, असे सांगतात. बौद्धनाथ सुमारे ३६ मीटर उंच आहे. त्याच्याभोवती तिबेटी निर्वासितांनी वसवलेले मठ असून संध्याकाळच्या प्रदक्षिणेत भिक्षू, म्हाताऱ्या बाया, शाळकरी मुले सारी एकाच दिशेने चालत असतात. स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या चढून जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी मागच्या बाजूने वाहन वरपर्यंत जाते. वैशाख पौर्णिमेला या दोन्ही ठिकाणी मोठे उत्सव होतात.

एका बाबतीत मनाची तयारी करून जावे. नेवारांचा बौद्ध धर्म वज्रयानी, म्हणजे महायानातल्या तांत्रिक शाखेचा आहे. त्यात शाक्य आणि वज्राचार्य ही पिढीजात पुरोहित घराणी आहेत, विहारांना बाहा म्हणतात पण तिथले भिक्षू गृहस्थाश्रमी असतात, आणि स्वयंभूच्या आवारातच हारिती देवीचे देऊळ आहे, जिथे मुलांच्या आजारपणात हिंदू आणि बौद्ध दोघेही नवस बोलतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला हे खटकू शकते, आणि खटकले तर त्यात गैर काही नाही. तरी ज्या परंपरेने महायानाचे संस्कृत ग्रंथ शतकानुशतके हाताने नकलून जपले, ती हीच परंपरा आहे. भारतातून मूळ प्रती नाहीशा झाल्या तेव्हा हे ग्रंथ जगाला या खोऱ्यातून मिळाले. पाटणच्या हिरण्यवर्ण महाविहारात हे सारे एकत्र दिसते. तिथे चामड्याची वस्तू अंगावर ठेवून आत जाता येत नाही.

लुंबिनी खोऱ्यात नाही, तराईच्या सपाटीवर आहे, पण गोरखपूर-सोनौलीमार्गे जाणार असाल तर ती सीमा ओलांडल्यावर जवळच लागते. जाताना एक रात्र तिथे काढावी. काठमांडूहून मुद्दाम खाली उतरून परत जाणे थकवणारे आहे.

प्रश्न: मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका लहान मुलीला देवी म्हणून घरात कोंडून ठेवतात आणि पर्यटक तिला पाहायला जातात. अशा ठिकाणी जाणे योग्य आहे का? (प्रतापनगर)

आधी प्रथा नेमकी काय आहे ते पाहू. काठमांडूची मुख्य कुमारी, जिला राजघराण्याची कुमारी मानत, शाक्य कुळातल्या, म्हणजे बौद्ध घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलींमधून निवडली जाते. बत्तीस लक्षणे आणि कुंडली पाहतात. ती हिंदू राजांच्या कुलदेवतेचे, तलेजूचे, सजीव रूप मानली जाते. मासिक पाळी सुरू होईपर्यंत ती जयप्रकाश मल्लाने १७५७ मध्ये बांधलेल्या कुमारीघरात राहते, तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत आणि ती मोजक्याच दिवशी बाहेर येते. पूर्वी इंद्रजात्रेत राजा तिच्याकडून टिळा लावून घेत असे. २००८ मध्ये नेपाळ प्रजासत्ताक झाल्यापासून ते काम राष्ट्रपतींकडे आले आहे. एका प्रजासत्ताकाचा प्रमुख एका बौद्ध बालिकेपुढे हिंदू देवी म्हणून वाकतो, हा देखावा समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने खरोखर पाहण्यासारखा आहे.

तुमच्यासारखेच प्रश्न नेपाळमधल्या लोकांनीही विचारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कुमारी असली तरी मुलीला शिक्षण, आरोग्य आणि इतर बालहक्क नाकारता येणार नाहीत, असे न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. आता तिला कुमारीघरात शिकवणी मिळते, ती परीक्षा देते आणि पद सोडल्यावर निवृत्तिवेतन मिळते. माजी कुमारींपैकी काहींनी उच्च शिक्षण घेतले, नोकऱ्या केल्या, लग्ने केली. माजी कुमारीशी लग्न करणारा लवकर मरतो ही जुनी भाकड समजूत त्यांच्या आयुष्यानेच खोटी पाडली. तरीही बालपणाची ती वर्षे परत मिळत नाहीत, हा आक्षेप न्यायालयाच्या निर्णयाने संपत नाही आणि तो संपला असे मी म्हणणार नाही.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की रथाच्या दिवशी जावे. तो दिवस तिचा आणि शहराचा असतो, तिथे पाहुण्यांच्या असण्या-नसण्याने काही बदलत नाही. एरवी कुमारीघराच्या चौकात उभे राहून, वाटाड्याने हाक दिल्यावर ती क्षणभर खिडकीत यावी म्हणून वाट पाहणे मला रुचत नाही. चौकातली कोरीव खिडक्यांची कलाकुसर तेवढी शांतपणे पाहावी. ती खिडकीत आलीच तर छायाचित्र काढण्यास मनाई आहे, आणि ती पाळावी.

प्रश्न: २०१५ च्या भूकंपानंतर जुने म्हणावे असे काही उरले आहे का, की सारे नव्याने बांधलेले आहे? (मानेवाडा)

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ रिश्टरच्या घरातला होता आणि नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे त्यात गेली. काठमांडू हे नाव ज्याच्यावरून आले असे मानतात तो काष्ठमंडप पूर्ण कोसळला, धरहरा मनोरा कोसळला, तिन्ही दरबार चौकांत देवळे पडली. पण भक्तपूरचे न्यातपोल, भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये उभारलेले पाच छपरांचे देऊळ, १९३४ च्या मोठ्या भूकंपातून वाचले होते तसे याही वेळी उभे राहिले. पाटणचे दगडी कृष्णमंदिर, सिद्धिनरसिंह मल्लाचे १६३७ मधले, तेही टिकले. त्याच्या पट्ट्यांवर रामायण आणि महाभारत ओळीने कोरलेले आहे आणि मराठी माणसाला ते वाटाड्याशिवाय वाचता येते.

पुन्हा बांधलेले ते खोटे, ही आपली कल्पना तिथे लागू करू नये. लाकूड, वीट आणि मातीची देवळे दर शे-दोनशे वर्षांनी भूकंपात पडतात आणि जुन्या तुळया, जुने टुणाल वापरून पुन्हा उभी राहतात, हाच खोऱ्याचा रिवाज आहे. छपराला आधार देणाऱ्या कोरीव तिरक्या खांबांना टुणाल म्हणतात. भांडण झाले ते सिमेंटवरून. प्रताप मल्लाने १६७० मध्ये मुलाच्या आठवणीसाठी बांधलेल्या रानीपोखरीच्या तळ्यात काँक्रीट वापरण्यास आरंभ झाला तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि काम थांबवून ते पारंपरिक पद्धतीने पुन्हा करावे लागले. काष्ठमंडपही जुन्या रीतीने उभा राहिला आणि २०२२ मध्ये पूर्ण झाला. रानीपोखरीच्या तळ्याच्या मधोमध असलेले बालगोपालेश्वराचे देऊळ वर्षातून एकदाच, भाईटीकेला उघडते, आणि ज्यांना बहीण किंवा भाऊ नाही ते त्या दिवशी तिथे टिळा लावून घेतात.

प्रश्न: नेवारी खाणे आपल्याला चालेल का? (रामदासपेठ)

शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्यावे, कारण सणाच्या ताटात, ज्याला समयबजी म्हणतात, पोह्यांबरोबर भाजलेले सोयाबीन, आले आणि बटाटा असतो तसे म्हशीचे मांसही असते. भक्तपूरचे जुजुधौ हे मातीच्या भांड्यात लावलेले गोड दही कोणीही चुकवू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेला, आपल्या दत्तजयंतीला, योमरी करतात. तांदळाच्या उकडीच्या पारीत 'चाकू' नावाचा गुळासारखा गोड पाक आणि तीळ भरून वाफवलेला हा पदार्थ म्हणजे शेपटी लावलेला मोदकच.

प्रश्न: पासपोर्ट लागतो का? आधार चालते का? पैशांचे काय करावे? (सदर)

भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. विमानाने जायचे तर वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. केवळ आधार दाखवून विमानात बसता येत नाही. ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील व्यक्तींना यातून सवलत आहे, त्यांना वय आणि ओळख पटवणारे छायाचित्रासह दुसरे सरकारी कागदपत्र चालते. मतदार ओळखपत्रावरचे आणि तिकिटावरचे नाव सारखे आहे ना, हे आरक्षणाच्या वेळीच पाहावे.

शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करण्याचे कारण नाही. शंभरापर्यंतच्या भारतीय नोटा सर्वत्र घेतात. मोठ्या नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून निघण्याआधी बँकेत विचारून घ्यावे. २०२४ पासून पुष्कळ दुकानांत आपले यूपीआयही चालते. दरबार चौकांच्या तिकिटाला भारतीयांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बराच कमी दर आहे, त्यासाठी ओळखपत्र जवळ असावे आणि तिकीट दिवसभर सांभाळून ठेवावे, कारण प्रत्येक तोंडाशी ते मागतात. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात भारतीय हिंदूंना प्रवेश आहे; चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावे लागते, आत छायाचित्रण बंद आहे, आणि आर्यघाटावर चिता पेटलेल्या असतात तिथे पलीकडच्या काठावरूनही कॅमेरा रोखू नये. तिथली साप्ताहिक सुटी शनिवारी असते आणि त्या दिवशी देवळांतली गर्दी दुप्पट होते, तेव्हा पशुपतिनाथाचे दर्शन शनिवार टाळून पहाटे घ्यावे.